मंडळीच्या कार्यालयात मानवी हक्कांची नोंदवही कशी सुरू करावी

कोल्हापुरातील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात, आणि तारीख, नाव, साक्षीदार लिहून घेण्याची ही सवय मानवी हक्कांच्या कामाचा, म्हणजे अटक, मारहाण, बेपत्ता होणे अशा घटनांची नोंद ठेवून कुटुंबाला मदत करण्याच्या कामाचा, अर्धा पाया आहे. हुकूमशाही राजवटींत चर्चने केलेल्या कामापैकी पुढे न्यायालयात आणि इतिहासात टिकले ते मुख्यतः लिहून ठेवलेले काम होय. न्यायालये उघडी आहेत आणि वकील निर्धास्तपणे भेटतात, अशा काळातच ते शिकून घ्यावे. आणीबाणीत केरळच्या मार थोमा चर्चचे प्रमुख जुहानॉन मार थोमा यांनी पंतप्रधानांना निषेधाचे पत्र लिहिले होते, परंतु असे आवाज थोडे होते; संकट दारात आल्यावर समिती नेमायला बसणाऱ्या संस्थेकडून वेगळे काही घडेल अशी अपेक्षाही करू नये.

प्रथम हे काम कोणाच्या नावाने चालेल ते ठरवावे. चिलीमध्ये 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने सत्ता घेतल्यानंतर काही आठवड्यांतच कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट आणि ज्यू प्रतिनिधींनी मिळून शांततेसाठी एक संयुक्त समिती स्थापन केली. तिचे एक अध्यक्ष, लुथरन बिशप हेल्मुट फ्रेन्झ, परदेशी गेले असता त्यांना परत येऊ दिले गेले नाही, आणि 1975 च्या अखेरीस लष्करी हुकूमशहा पिनोशे याच्या दबावाखाली ती समिती बंद करावी लागली. त्यावर कार्डिनल राउल सिल्वा हेन्रीकेझ यांनी काढलेला तोडगा अभ्यासण्याजोगा आहे: 1 जानेवारी 1976 पासून तेच काम त्यांनी ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ (एकजुटीचे खाते) या नावाने सॅन्टियागोच्या धर्मप्रांताचे अधिकृत खाते म्हणून सुरू केले. समिती एका फटक्यात बंद करता येते. धर्मप्रांताचे खाते बंद करायचे तर सरकारला थेट चर्चवर हात टाकावा लागतो. म्हणून आपल्याकडेही चार उत्साही तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हे काम सोपवू नये. पंच मंडळाच्या सभेत रीतसर ठराव करावा, तो इतिवृत्तात नोंदवावा आणि कामाची व्याप्ती दोन-तीन वाक्यांत लिहावी. त्या व्याप्तीत ‘ख्रिस्ती बांधवांसाठी’ हे शब्द घालण्याचा मोह आवरावा, कारण व्हिकारियाकडे आलेल्या कुटुंबांत कम्युनिस्ट आणि नास्तिकही होते आणि दारात कोणाला धर्म विचारला जात नव्हता. केवळ आपल्याच माणसांची नोंद ठेवणारी वही इतरांच्या दृष्टीने तक्रारवहीच राहते.

माणसे थोडी पुरतात. शांतपणे ऐकून घेणारी एक व्यक्ती (शक्यतो महिला, कारण दारात येते ती बहुधा आई किंवा पत्नी असते), सुवाच्य आणि संयमाने लिहिणारी दुसरी व्यक्ती, आणि फौजदारी काम करणारे एक वकील. पाळकांनी स्वतः जबाब लिहून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची बदली होते, शिवाय वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला आपल्या पुरावा कायद्यात जे संरक्षण आहे, ते पाळकांना सांगितलेल्या गोष्टीला त्या रीतीने मिळत नाही. नाजूक माहिती असेल तर ती वकिलांच्या समोर आणि त्यांच्याच कागदांत राहू द्यावी.

प्रत्यक्ष लिहिण्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण बहुतेक नोंदवह्या येथेच निकामी होतात. ‘पोरग्याला पोलिसांनी विनाकारण उचलले आणि बेदम मारले’ हे वाक्य कितीही खरे असले तरी पुरावा म्हणून त्याची किंमत फार थोडी आहे. तेच असे लिहावे: ‘आईने सांगितले की रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास साध्या वेशातील तीन माणसे घरी आली; एकाने पोलीस असल्याचे सांगितले, ओळखपत्र दाखवले नाही; पांढऱ्या गाडीचा क्रमांक शेजाऱ्याने पाहिला, त्यातील शेवटचे दोन अंक त्याला आठवतात; मारहाण आईने पाहिलेली नाही, दुसऱ्या दिवशी भेटीत उजव्या डोळ्याखाली सूज पाहिली.’ पाहिलेले, ऐकलेले आणि अंदाजाने म्हटलेले असे तीन भाग वेगळे ठेवावेत. सांगणाऱ्याचेच शब्द ठेवावेत, लिहिलेले त्याला वाचून दाखवावे, दुरुस्ती खाडाखोड न करता खाली नोंदवावी, आणि दिनांक व वेळ घालून सही किंवा अंगठा घ्यावा. पेठेत एखादी बातमी तालमीपासून चौकापर्यंत पोहोचेतोवर तिला चार फाटे फुटलेले असतात, तेव्हा जबाब त्याच दिवशी घेणे इष्ट. विरोधी पक्षाचा वकील ही नोंद वाचतो आहे असे समजून लिहावे.

नोंद झाली की अर्जाला विलंब लावू नये. संविधानाच्या अनुच्छेद 22 नुसार अटक केलेल्या व्यक्तीला कारणे सांगावी लागतात आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हे संरक्षण लागू होत नाही, म्हणून कोणत्या कायद्याखाली पकडले हे पहिल्याच फेरीत विचारावे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांनुसार अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करणे आणि नातेवाइकांना कळवणे बंधनकारक आहे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, पोच मिळाली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवून पावती जोडून ठेवावी. ठावठिकाणाच लागत नसेल तर अनुच्छेद 226 खाली बंदी प्रत्यक्षीकरणाची (पकडलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी करणारी) याचिका उच्च न्यायालयात करता येते, आणि ऑगस्ट 2025 पासून त्या न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने त्यासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही. कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असल्यास घटनेपासून एक वर्षाची मुदत ध्यानात ठेवावी.

अर्ज फेटाळला जाईल म्हणून तो करू नये, हा युक्तिवाद मात्र खोडून काढला पाहिजे. चिलीतील वकिलांनी बंदी प्रत्यक्षीकरणाच्या हजारो याचिका दाखल केल्या आणि मान्य झालेल्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. तरीही प्रत्येक याचिकेबरोबर नाव, तारीख, पकडून नेल्याचे ठिकाण आणि सरकारचे उत्तर कागदावर पक्के होत गेले. राजवट गेल्यानंतर 1990 मध्ये त्या काळातील हत्या आणि बेपत्ता प्रकरणांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रेटिग आयोगाला हेच दप्तर मोलाचे ठरले.

सरकारी कागद आपल्या जबाबापेक्षा वजनदार असतो, हे ब्राझीलच्या उदाहरणातून शिकावे. साओ पाउलोचे कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन पाळक जाइमे राइट, ज्यांचा भाऊ लष्करी राजवटीत बेपत्ता झाला होता, यांच्या आधाराने काही वकिलांनी एक साधी सोय हेरली. माफीच्या अर्जांसाठी लष्करी न्यायालयाच्या फायली वकिलांना 24 तासांसाठी नेता येत होत्या. त्यांनी यंत्रे आणून त्या अहोरात्र झेरॉक्स केल्या आणि वेळेत परत ठेवल्या. सुमारे 700 खटल्यांची अंदाजे दहा लाख पाने अशी गोळा झाली, त्यांचे मायक्रोफिल्म देशाबाहेर ठेवले गेले, आणि 1985 मध्ये निघालेल्या अहवालात छळाचे वर्णन कैद्यांनी लष्करी न्यायाधीशांपुढेच दिलेल्या जबाबांतून आले. आपल्या गटानेही एफआयआरची प्रत, अटकेचा पंचनामा, सीपीआर या सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय तपासणीचे कागद आणि न्यायालयाच्या आदेशांच्या प्रमाणित प्रती हक्काने मागून घ्याव्यात. प्रत्येकाच्या दोन प्रती काढाव्यात. दुसरी मंडळीच्या आवाराबाहेर ठेवावी.

गोपनीयतेबाबत ढिलाई चालणार नाही. नावांची यादी आणि जबाब यांना एकच क्रमांक द्यावा, पण ती दोन वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत. उपासनेत प्रार्थनेसाठी नाव घेण्यापूर्वी कुटुंबाची लेखी परवानगी घ्यावी. मार्च 1985 मध्ये व्हिकारियाच्या दप्तराचे काम पाहणारे होसे मानुएल पाराडा यांचे इतर दोघांसह अपहरण करून खून करण्यात आला. पुढे लष्करी न्यायालयाचा सरकारी वकील व्हिकारियाच्या वैद्यकीय नोंदी मागू लागला, तेव्हा तिचे प्रमुख बिशप सेर्जिओ व्हालेक यांनी त्या देण्यास नकार दिला. अशी मागणी आल्यास कोण उत्तर देणार, हे आपल्या ठरावातच लिहिलेले असावे.

कुटुंबाकडे पाहण्याचे काम भगिनी मंडळाकडे द्यावे. चंदगड किंवा शाहूवाडीहून कळंबा कारागृहात मुलाखतीला येणाऱ्या बाईला एसटीचे भाडे, डबा आणि बरोबर कोणीतरी हवे असते, आणि ही मदत नियमित मिळाली तरच ती पुढचा जबाब द्यायला येते. चिलीत बेपत्ता व्यक्तींच्या आया-बहिणींनी चर्चच्या कार्यशाळांत चिंध्या जोडून चित्रांचे कापडी पट शिवले, जवळपास आपल्या वाकळीसारखे. व्हिकारियाने ते परदेशी विकून घरांना थोडी मिळकत दिली आणि चित्रांतून बातमीही बाहेर गेली.

पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा. ब्राझीलच्या कामाला वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसने निधी दिला होता, परंतु आपल्याकडे विदेशी देणगी कायद्याखालील नोंदणी अथवा परवानगीशिवाय अशी रक्कम घेता येत नाही, तेव्हा स्थानिक अर्पणावरच भागवावे, मग ते दरमहा झेरॉक्स, टपाल आणि एसटीपुरतेच का असेना. प्रत्येक खर्चाची पावती चिकटवावी, वर्षअखेरीस हिशेब तपासून घ्यावा आणि त्याची एक प्रत वकिलांकडे द्यावी.