पुरीमच्या दिवसासाठी ज्यू शाळेने करायची तयारी

अमेरिकेतल्या ज्यू डे स्कूलचं वर्ष सणांवर चालतं, आणि त्यात सगळ्यात गोंगाटाचा सण पुरीम. हिब्रू अदार महिन्याची १४ तारीख, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च. आपली फाल्गुन पौर्णिमा याच सुमारास येते. २०२५ साली तर पुरीम आणि धुळवड दोन्ही १४ मार्चलाच आल्या. कोकणातले बेने इस्रायल ज्यू पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत आले, ते उगाच नाही. या शाळांतले शिक्षक, नर्स, ऑफिसातली माणसं सगळी ज्यू असतातच असं नाही. त्यांनाही उपयोगी पडेल अशी ही तयारी आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायची. एरवी शाळा कशाच्या भरवशावर सुरक्षित असते? दारावरच्या माणसाला प्रत्येक चेहरा ठाऊक असतो, हाक मारली की ऐकू येते, डब्यात काय आहे ते मुलाच्या घरच्यांना माहीत असतं आणि बाहेरून आलेलं सामान ऑफिसच्या पुढे जात नाही. पुरीमच्या दिवशी हे सगळंच फिरतं. चेहऱ्यावर मुखवटे, हातात खुळखुळे, दुसऱ्याच्या घरचा खाऊ आणि सकाळपासून येणारी पार्सलं. ज्यूंना संहारातून वाचवणाऱ्या राणी एस्तेरच्या पोथीतही ‘सगळं उलटं झालं’ असंच म्हटलंय, आणि मुलांना ती उलटापालट मनसोक्त मिळायलाच हवी. म्हणून रोजच्या ज्या ज्या आधाराला त्या दिवशी सुट्टी, त्याच्या जागी दुसरा आधार आधीच उभा करून ठेवायचा.

सुरुवात सहा आठवडे आधी कॅलेंडरपासून करा. पुरीम रविवार, मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार यांपैकीच एका वारी येतो. शुक्रवारी आला तर मेजवानी सकाळीच उरकावी लागते, कारण संध्याकाळी शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो. त्या दिवशी शाळा लवकर सुटणार हे पालकांना आणि बसवाल्यांना आत्ताच कळवा. रविवारी आला तर आदल्या दिवशी शब्बाथ असल्यामुळे सणाआधीचा एस्तेरचा उपास गुरुवारी धरतात. आणि सण आदल्या रात्रीच सुरू होतो हे विसरू नका. अंधार पडल्यावर मगिला म्हणजे एस्तेरची पोथी वाचतात, बरीच कुटुंबं त्यासाठी शाळेतच येतात, आणि दारावरच्या पहारेकऱ्याची ड्युटी मात्र दुपारी चारला संपलेली असते. रात्रीची पाळी वेगळी लावा, पार्किंगमधले दिवे लागतात का ते अंधारातच जाऊन बघा.

याच आठवड्यात स्थानिक पोलिसांना लेखी कळवा. तारीख, वाचनाच्या दोन्ही वेळा, अंदाजे किती माणसं, कोणती दारं उघडी राहणार, आणि मुलं वेषांतरात असणार हे ठळक लिहा. सोबत इमारतीचा नकाशा द्या. गावातल्या ज्यू फेडरेशनकडे, म्हणजे समाजाच्या मध्यवर्ती संस्थेकडे, सुरक्षा सल्लागार असेल तर त्याला एक फेरी मारायला बोलवा. २००४ साली उभ्या राहिलेल्या सिक्युअर कम्युनिटी नेटवर्क या ज्यू सुरक्षा संस्थेमुळे असे सल्लागार आता बऱ्याच शहरांत मिळतात. कॅमेरे, दणकट दरवाजे, काचेवरची फिल्म यांना फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचं अनुदान मिळू शकतं, पण त्याला महिने लागतात. या पुरीमसाठी त्याच्यावर विसंबू नका.

वेशभूषेचं पत्र तीन आठवडे आधी घरी जायलाच हवं. उशीर झाला की तोवर पोशाख विकत घेतलेला किंवा शिवून झालेला असतो, आणि मग नियम दारात सांगावा लागतो, मूल रडतं. पत्रात कारणासकट स्पष्ट लिहा. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा फाटकाच्या आत तोंडावर नको, हातात धरून आणा, वर्गात फोटोपुरता लावा. शस्त्र कुठलंच नको, अगदी प्लास्टिकची तलवार किंवा नळीला नारिंगी टोक असलेली खेळण्यातली बंदूकही नको. मोठ्यांनी आणि वरच्या वर्गातल्या मुलांनी पोलीस, सैनिक, पहारेकरी यांचा गणवेश घालू नये, कारण खरोखर प्रसंग आला तर धावून आलेल्या पोलिसाकडे ओळख पटवायला काही क्षणच असतात. पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर पोलिसाची टोपी असली तर असू द्या. आठवीतल्या साडेपाच फुटी मुलाच्या अंगावर पूर्ण गणवेश चालणार नाही. पायघोळ झगे आणि केप गुडघ्यापर्यंत आखूड करायला सांगा. जिन्यात मागच्याचा पाय पुढच्याच्या केपवर पडतो आणि दोघंही खाली येतात.

टिकल्यांची बंदूक, जमिनीवर आपटून फोडायचे फटाके आणि फुगे यांना या दिवशी साफ बंदी ठेवा. हे काहींना फार कडक वाटतं. पण १९ मार्च २०१२ ला फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एका ज्यू शाळेच्या दारातच तीन मुलं आणि एक शिक्षक मारले गेले. मुंबईकरांना नरिमन हाऊसची आठवण पुरेशी आहे. ज्या समाजाच्या मनात हे ताजं आहे, त्याच्या शाळेत अचानक ‘फट्’ झालं की मोठी मुलं टेबलाखाली जातात आणि पहारेकऱ्याचा हात रेडिओवर जातो. शिवाय फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

आता ओळखीचं. पुरीमच्या सकाळी प्रत्येक वर्गशिक्षकाच्या हातात छापलेला हजेरीपट असावा आणि त्यात नावापुढे एक रिकामा रकाना. हजेरी घेताघेता त्यात लिहायचं: निळा हत्ती, राणी एस्तेर, राणी एस्तेर, केचपची बाटली. राणी एस्तेर वर्गात चार-पाच तरी असतातच, म्हणून मुकुटाचा किंवा झग्याचा रंगही लिहा. शाळेच्याच फोनवर वर्गाचा एक फोटो काढा. प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टी बांधा, तिच्यावर फक्त वर्ग आणि खोली क्रमांक. नाव नको, परक्याला ते वाचता येतं. गर्दीत एखादं मूल दिसेनासं झालं तर ‘तिसरी ब, निळा हत्ती’ एवढं रेडिओवर पुरतं.

मगिलावाचनाला चाळीसेक मिनिटं लागतात. ज्यूंच्या जिवावर उठलेला दुष्ट प्रधान हामान, त्याचं नाव पोथीत ५४ वेळा येतं आणि दर वेळी खुळखुळे, पाय आपटणं, आरडाओरडा. पण वाचनातला शब्दन् शब्द ऐकू आला पाहिजे असा धर्माचा नियम आहे, म्हणजे गोंगाट जितका जोरात तितकाच झटकन थांबायला हवा. त्यासाठी एक माणूस पाटी घेऊन उभा करा, एका बाजूला हामानचं तोंड, दुसऱ्या बाजूला लाल पंजा. काही जण थांबायची खूण म्हणून दिवे मालवतात. ते करू नका. दिवे बंद करणं हा लॉकडाउनचा, म्हणजे हल्ल्याच्या वेळी खोली बंद करून लपण्याचा, भाग आहे, खेळात वापरलं की खऱ्या वेळी मुलं हसत बसतात.

त्या गोंगाटात स्पीकरवरची घोषणा ऐकू येत नाही, हीच पुरीमची सगळ्यात मोठी अडचण. दोन मोठ्या माणसांच्या कानात रेडिओची पिन असावी, एक सभागृहाच्या दाराशी, दुसरा वाचणाऱ्याच्या शेजारी. निरोप आला की वाचणाऱ्याच्या खांद्यावर हात, वाचन बंद, लाल पंजा वर, मग माइकवरून सूचना. आदल्या आठवड्यात खरोखर खुळखुळे वाजवत ठेवून याची तालीम करा आणि शांतता व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. दहाच्या वर गेले तर पुन्हा. पुरीमच्या दिवशी मात्र अशी सुरक्षेची तालीम कधीही घेऊ नका.

धोक्याच्या वेळी दिल्या जाणाऱ्या आदेशांच्या शब्दांचाही घोळ होतो, विशेषतः बदली शिक्षकांचा. ‘होल्ड’ म्हणजे जिथे आहात तिथे थांबा, मधली वाट मोकळी ठेवा. ‘सिक्युअर’ म्हणजे सगळे आत, बाहेरची दारं बंद, आत वर्ग चालू, वाचनही चालू. ‘लॉकडाउन’ म्हणजे खोलीला कुलूप, दिवे बंद, नजरेआड, आवाज नाही. ‘इव्हॅक्युएट’ला ठरलेल्या जागी बाहेर, ‘शेल्टर’ वादळासारख्या धोक्याला. रस्त्यापलीकडे काही घडलं आणि ‘सिक्युअर’ जाहीर झालं, तर कुणीतरी घाबरून लॉकडाउन करतं आणि तीनशे मुलं विनाकारण अंधारात बसतात. हे पाच शब्द हजेरीपटाच्या मागे छापा.

ज्या मुलांना आवाज सोसत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या खोलीत शांत वाचन ठेवा. तिथे हामानच्या नावाला फक्त बोटं हलवायची. सभागृहाच्या दाराशी कानावर लावायचे आठ-दहा मफ असू द्या. पत्र्याच्या खुळखुळ्यांच्या कडा बोट फिरवून बघा. सजावट करताना बाहेर जायची दारं, ती दाखवणाऱ्या पाट्या आणि स्प्रिंकलर झाकू नका. स्प्रिंकलर नसलेल्या इमारतीत भिंतीच्या २० टक्क्यांहून जास्त भागावर कागद नको, हा नेहमीचा अग्निशमन दंडक आहे.

खाऊकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. मिश्लोआख मानोत म्हणजे खाऊची देवाणघेवाण: निदान एका माणसाला निदान दोन खाण्याचे पदार्थ. मुलांवर सोडलं तर एकाच्या बाकावर वीस पिशव्या आणि दुसऱ्याचा बाक रिकामा, आणि ते मूल तो दिवस विसरत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाका. प्रत्येकाने एक पिशवी द्यायची, प्रत्येकाला एक मिळायची. पिशवीत फक्त बंद पाकिटं, त्यावर कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसत असल्याचं चिन्ह आणि घटकांची यादी. वाइनची बाटली मुलाच्या दप्तरातून शिक्षकासाठीही पाठवू नका, हे पत्रात वेगळं लिहावं लागतं.

नवीन शिक्षकांची एक चूक हमखास होते. पाकिटावर ‘परेव्ह’ दिसलं की दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ते चालेल असं धरतात. परेव्ह म्हणजे दुधाचंही नाही आणि मांसाचंही नाही, पण हा धर्माच्या हिशेबातला शब्द आहे. परेव्ह चॉकलेटमध्ये दुधाचा अंश सापडू शकतो आणि ॲलर्जीला अंशही पुरतो. दाखला घटकांच्या यादीचाच घ्या. तिळाचंही तसंच. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा कायद्याने नववा मोठा ॲलर्जन ठरला, त्यामुळे पाकिटावर त्याची नोंद असते, पण तिळाच्या हलव्याचं सारण भरलेल्या घरगुती हामानताशेनवर, म्हणजे पुरीमच्या तिकोनी बिस्किटांवर, कुठली नोंद असणार? म्हणून हामानताशेन शाळेच्या स्वयंपाकघरातच, मशगियाखच्या म्हणजे कोशर देखरेख करणाऱ्याच्या नजरेखाली भाजा, आणि घटक दारावर लावा. मुलामागे दोन धरा. तीन इंची चकती, सारण सपाट एक चमचा, तीन कोपरे घट्ट चिमटून पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये, मग ३५० फॅरनहाइटला बारा ते पंधरा मिनिटं. भाजताना उमलतात ते बहुतेक वेळा सारण जास्त झाल्यामुळे किंवा पीठ गरम राहिल्यामुळे.

एपिनेफ्रिनची पेनं, म्हणजे ॲलर्जीचा जोरदार झटका आला तर टोचायची तयार इंजेक्शनं, त्या दिवशी नर्सच्या कुलपात अडकलेली नकोत. मुलाच्या फोटोसकट छोट्या पिशवीत, त्याच्याच वर्गाबरोबर फिरणाऱ्या मोठ्या माणसाच्या गळ्यात हवीत. साधारण १५ ते ३० किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅमचं पेन, त्यावर ०.३ चं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं, साध्या कपड्यावरून चालतं, पण आत फोम भरलेला हत्ती असेल तर पोशाख आधी बाजूला करा. लगेच ९११, मुलाला आडवं ठेवा, उठवून चालवू नका. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरं पेन. पालकांना फोन त्यानंतर.

आदल्या दिवशीच्या उपासाला बारा वर्षांखालच्या मुली आणि तेरा वर्षांखालचे मुलगे बांधील नाहीत. मोठ्यांचा पी.टी.चा तास हलका ठेवा, आणि कुणी पाणी मागितलं तर कारण विचारू नका. रात्री वाचन संपेपर्यंत उपास सुटत नाही आणि चक्कर नेमकी बाहेर पडायच्या रांगेत येते. ज्यूस आणि बिस्किटं दाराशीच मांडा.

त्याच संध्याकाळी अर्ध्या शेकेलची, म्हणजे प्राचीन मंदिरासाठी प्रत्येकाने द्यायच्या नाण्याची, आठवण म्हणून अर्ध्या डॉलरची तीन नाणी ताटलीत ठेवतात. आपले दीड डॉलर पेटीत टाकायचे, तीन नाणी उचलून पुन्हा ताटलीत ठेवायची, मग पुढच्याची पाळी. अर्ध्या डॉलरची नाणी बँकेत सहसा हाताशी नसतात, पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. गरिबांसाठीची मतानोत लाएव्योनिमची रक्कम मात्र पुरीमच्या दिवशीच निदान दोघांच्या हाती पडायला हवी. वर्गाच्या पेट्या दोन मोठ्यांनी मिळून सकाळी दहाच्या आत मोजा, म्हणजे रब्बींना (धर्मगुरूंना) ती दुपारपर्यंत वाटता येते.

पार्सलांसाठी फाटकाबाहेर एक टेबल मांडा. पाठवणाऱ्याचं नाव व फोन आणि घेणाऱ्याचं नाव व वर्ग नसेल तर पार्सल आत येणार नाही, ओळखीच्या बाईंनी आणलं तरी. बिननावाचं काही टेबलावर ठेवून कुणी निघून गेलं तर त्याला हात न लावता पहारेकऱ्याला बोलवा.

शाळा सुटताना मुलांनी मुखवटे दप्तरात घालायचे, घ्यायला आलेल्यांनीही उतरवायचे, आणि यादीत नाव नसलेल्याला मूल द्यायचं नाही. पुरीमच्या मेजवानीत मोठ्यांनी पिण्याची रीत आहे, म्हणून इथे डोळे उघडे ठेवा. गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाला वास येत असेल तर मूल आत बसवा, यादीतल्या दुसऱ्या नंबरला फोन करा. वाईटपणा शाळेने घ्यावा, शिक्षकाला एकट्याला तोंड देऊ देऊ नका.

सगळे गेले की पेनं मोजून नर्सकडे, रेडिओ चार्जिंगला. उरलेली बिस्किटं-हामानताशेन बाकांच्या कप्प्यांत आणि लॉकरमध्ये राहतातच. पेसाह हा पुढचा सण आता तीस दिवसांवर आहे आणि तोवर खमीर आलेल्या पिठाचा कणही शाळेत उरता कामा नये. कप्पे त्याच आठवड्यात रिकामे करून घ्या, नाहीतर जामाचे डाग वाळून घट्ट बसतात आणि मग ते सुरीने खरवडावे लागतात.