गाडीचे एअर फिल्टर घरी बदलताना या चुका टाळा

एसीला कुबट वास येतो म्हणून बॉनेट उघडून बसलेले गृहस्थ मी दर गणपतीत पाहतो. मुंबईहून आलेला चाकरमानी खळ्यात गाडी लावतो आणि दुपार मोकळी आहे म्हणून फिल्टर बदलायला घेतो; पण बॉनेटखालच्या काळ्या डब्यात असतो तो इंजिनाचा फिल्टर, आणि एसीच्या वाऱ्याचा, म्हणजे केबिन फिल्टर, बहुतेक गाड्यांत डाव्या सीटसमोरच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही गाड्यांत तर केबिन फिल्टरची नुसती खाच असते, फिल्टर कंपनीने बसवलेलाच नसतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दोन्ही जागा चित्रासह दाखवलेल्या असतात, आणि ती पुस्तिका त्याच ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेली असते.

मला सर्वांत जास्त चीड येते ती इंजिनाचा कागदी फिल्टर धुण्याची. जांभ्याच्या चिरेखाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर महिनाभर गाडी फिरली की फिल्टर तांबडा होतो. तो तांबडा रंग पाहून माणूस घाबरतो, फिल्टर नळाखाली धरतो आणि उन्हात वाळत घालतो. पाण्याने कागद फुगतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि वाळल्यावर त्यांच्यातले अंतर पूर्वीसारखे राहत नाही. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारणे हा दुसरा आवडता उपाय. त्या जोराने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, आणि मळलेल्या बाजूने हवा मारली तर धूळ कागदात आणखी खोल जाते. काही पुस्तिकांत मधल्या काळात फिल्टर साफ करण्यास सांगितलेले असते हे खरे, पण त्यासाठी हलकी हवा पुरते आणि ती स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे सोडायची असते. मी स्वतः फिल्टर उंबऱ्यावर हलकेच आपटतो. त्याने भागले नाही तर नवा आणतो. धुऊन वाचवलेल्या चारदोनशे रुपयांचा हिशेब मला कधीच पटलेला नाही. शिवाय थोडा मळलेला फिल्टर धूळ अडवण्यात नव्याहून सरसच असतो, त्यामुळे दर रविवारी डबा उघडून पाहण्याची हौसही आवरावी.

दुसरी चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझ्या भाच्याची डिझेल गाडी आहे. परतीच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी त्याने नवा फिल्टर घातला; मी टॉर्च धरून उभा होतो. डब्याच्या झाकणाला पुढे दोन क्लिपा होत्या, आणि मागच्या बाजूला, पाइपाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, दोन जिभा होत्या, ज्या आधी खाचांत अडकवायच्या असतात. त्याने पुढच्या क्लिपा दाबल्या, टक् असा आवाज आला आणि तो म्हणाला, "बसलं, मामा." घरात आरती सुरू होत होती, म्हणून मीही मान डोलावली. मागची बाजू नखाएवढी उचललेली राहिली आणि फिल्टरची रबराची कड तिथे दुमडली. १२०० सीसीचे साधे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर पूर्ण भरून हवा घेऊ लागले, तर मिनिटाला सुमारे १२०० लिटर हवा ओढते, आणि टर्बोचे, म्हणजे पात्यांच्या चक्राने हवा दाबून इंजिनात ढकलणारे, डिझेल त्याहूनही जास्त. ती हवा कागदातून जाण्याऐवजी नखाएवढ्या फटीचा सोपा रस्ता धरते. काही महिन्यांनी टर्बो शिट्टी मारू लागला. फिल्टरपुढचा पाइप काढून आत बोट फिरवले, तर ते थेट जांभ्याच्या रंगाचे होऊन बाहेर आले; टर्बोच्या पात्यांच्या कडा धुळीने झिजल्या होत्या. त्या बिलात किती फिल्टर आले असते, हे मी भाच्याला अजून विचारलेले नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. डबा उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढतो. तळातली पाने आणि माती ओल्या फडक्याने पुसतो आणि ते फडके मोजून बाहेर काढतो. आधी मागच्या जिभा बसवतो, मग क्लिपा, आणि शेवटी डब्याच्या चारही बाजूंनी बोट फिरवून फट लागते का ते पाहतो. स्क्रूचा डबा असेल तर स्क्रू हाताने सुरू करावेत, कारण खाऱ्या हवेने गंजलेला स्क्रू तिरका गेला की प्लास्टिकचे आटे मरतात. अनेक गाड्यांत फिल्टरपुढच्या पाइपात हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याला बोट लावू नये.

केबिन फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो. जुना फिल्टर काढतानाच तो बाण कोणीकडे आहे ते पाहून ठेवावे. नव्या फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी काढावी. हे लिहावे लागते, कारण ती तशीच ठेवून फिल्टर आत सारणारे लोक मी पाहिले आहेत. ग्लोव्ह बॉक्स ओढून काढू नये, दोन्ही बाजू आत दाबल्या की बहुतेक वेळा तो सुटतो.

आंब्याखाली किंवा किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी लावणाऱ्यांनी वायपरखालची जाळी पावसाआधी साफ करावी, नाहीतर मोहर आणि सुरूच्या काड्या तिथे कुजतात आणि नव्या फिल्टरलाही आठवड्यात वास येतो. भर पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर इंजिनाचा फिल्टर ओला सापडला, तर मात्र तो बदलून लगेच चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. अशा वेळी गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि मेकॅनिकला बोलवावे. हे घरी करण्याचे काम नव्हे.

नवा फिल्टर बसवण्याआधी मी त्याच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहितो. भाच्याच्या फिल्टरवर आता मीच लिहितो.