राउंडर्स खेळताना या चुका टाळा: पोस्ट सोडू नका, आतून पळू नका

उन्हाळा लागला की इथे इंग्लंडमध्ये आपली मराठी मंडळीही पार्कात राउंडर्स खेळायला जमतात. बॅटने चेंडू मारायचा आणि चार खांबांना, म्हणजे पोस्टना, फेरी मारायची, असा हा खेळ. दरवर्षी तेच चांगले खेळाडू त्याच चुकांनी बाद होतात आणि मला फार वाईट वाटतं. बहुतेक चुका क्रिकेटच्या सवयीच्या आहेत.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे पोस्टवरून हात काढणं. क्रिकेटमध्ये क्रीजमध्ये पोचलात की निवांत. इथे बोलर चेंडू घेऊन त्याच्यासाठी आखलेल्या चौकोनात उभा असेल, तर तुमचा हात किंवा बॅट पोस्टला लागलेली हवीच. मागच्या जुलैत माझी वहिनी सणसणीत फटका मारून दुसऱ्या पोस्टला पोचली. अर्धा राउंडर, म्हणजे अर्धा गुण, झाला म्हणून आम्ही ओरडतोय, तोवर चेंडू बोलरकडे परतला होता. वहिनीने बॅट काखेत धरली, दोन्ही हातांनी सुटलेले केस बांधायला घेतले, आणि अंपायरने बाद दिलं. "अहो, पाय टेकलेला होता की माझा!" पायाचा उपयोग नाही, हात किंवा बॅटच लागते. तो सामना आम्ही अर्ध्या राउंडरने हरलो. मी स्वतः पोस्टच्या माथ्यावर तळवा दाबून ठेवतो आणि नजर बोलरच्या मनगटावर. चेंडू सुटला की मगच हलतो.

दुसरी चूक, पोस्टच्या आतून पळणं. पहिल्या तीन पोस्टपर्यंतचं प्रत्येक अंतर 12 मीटर, शेवटचं 8.5. एवढ्यात दोन पावलं वाचवायला लोक आतून वळतात आणि बाद होतात. क्षेत्ररक्षक आडवा आला तरच सूट आहे. म्हणून नवख्यांच्या हाती मी आधी बॅट देतच नाही, चारही पोस्टना बाहेरून तीन फेऱ्या मारायला लावतो. "काका, बॅटिंग कधी?" असं सारखं विचारणारेच पुढे आतून पळतात, हे मी बरेचदा पाहिलंय.

बाकीचं थोडक्यात. चांगला, म्हणजे नियमात बसणारा, चेंडू एकच मिळतो. लागो न लागो, पळायचं. सोडून देणं वगैरे नाही. बॅट टाकायची नाही, चौथ्या पोस्टपर्यंत हातातच हवी. लेट कट मारून खूश होऊ नका: चेंडू मागे गेला, की तो पुढच्या भागात परत येईपर्यंत पहिल्या पोस्टलाच थांबावं लागतं. फटक्याआधी बॅटिंगच्या चौकोनाची पुढची रेघ ओलांडलीत तर बाद, त्यामुळे पुढे सरसावण्याची सवय मोडा. बॅट जेमतेम 46 सेंटिमीटरची असते, एका हाताने धरा, पोच वाढते.

आणि बोलरहो, जोर लावू नका. हात खालून, झोपाळ्यासारखा. चेंडू गुडघ्याच्या वर, डोक्याच्या खाली. एकाच बॅटरला लागोपाठ दोन नो-बॉल टाकलेत की समोरच्यांना अर्धा राउंडर फुकट. मी सामन्याआधी बोलिंगच्या अंतरावर, साडेसात मीटरवर, कुणाला तरी उभं करून वीस चेंडू नुसते त्याच्या कमरेच्या उंचीवर टाकतो.