मालवणला बोट ठरवून गरवायला जायचंय? मग रॉड नंतर, आधी पंचांग बघा

मालवण, देवगड, निवतीकडे रॉड घेऊन गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, येणारी मंडळी हल्ली बरीच दिसतात आणि फोनवर सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठला रॉड घेऊ. अहो रॉड सगळ्यात शेवटी. आधी तारीख, मग तांडेल म्हणजे बोट चालवणारा, मग आमिष, आणि मग वेळ उरला तर रॉड. महागडं रील घेऊन चुकीच्या दिवशी चुकीच्या माणसाबरोबर गेलात तर चार तास नुसता सूर्यस्नान होतं, आणि साध्या दोरीला गरी म्हणजे गळ बांधून बसलेला खलाशी तुमच्या शेजारी बसून तांबोशी मासा काढतो, हे मी बघितलेलं आहे म्हणून सांगतोय.

इथे मी बोलतोय ते फक्त आपल्या ग्रुपसाठी अख्खी बोट घेऊन किनाऱ्याजवळ गरवायला जाण्याबद्दल. म्हणजे किनारा डोळ्यासमोर राहतो, पाणी साधारण सहा ते दहा वाव खोल (एक वाव म्हणजे सहा फूट), सकाळी गेलं की जेवायला घरी. आंग्रिया बँक (समुद्रातलं बुडालेलं प्रवाळाचं पठार) वगैरे नावं व्हिडिओत ऐकून कोणी विचारतात, पण ती जागा किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, ते काम वेगळं आणि बोट पण वेगळी.

तर तारीख. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, आणि पर्यटकांना नेणाऱ्या बोटी तर मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंदच धरा. त्या काळात कोणी "नेतो हो गुपचूप" म्हणाला तर हात जोडा आणि फोन ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत व्हायला लागतो तरी लगेच धावू नका, पाणी गढूळ असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर माझ्या मते सगळ्यात भारी, सुरमई किनाऱ्याकडे येते, पाणी निवळलेलं असतं, आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो त्यामुळे समुद्र सपाट. फेब्रुवारी-मार्चमध्ये पण मासे मिळतात पण दुपारी वायव्येकडून वारा असा उठतो की परत येताना अंगावर पाणीच पाणी. म्हणून कुठल्याही महिन्यात जा, उजाडायच्या आधी जेटीवर पोचा आणि अकराच्या आत परत फिरा. नऊला नाश्ता करून आरामात निघू म्हणणाऱ्यांनी डॉल्फिन बघायला जावं, ते पण छान असतं.

आता पंचांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात धावतं, दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही, दोरी तिरकी जाऊन दुसऱ्याच्या दोरीत अडकते आणि अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस तळाला गरवायला सोपे, पाणी हळू असतं आणि जास्त स्वच्छ पण. मुंबई-अलिबागकडे हा फरक फार मोठा कारण तिकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढउतार करतं, मालवणात त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे सिंधुदुर्गात तुम्हाला तारखेची थोडी सूट मिळते. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. हा हिशोब मुंबईकडचा आहे, मालवणात भरती त्याच्या आधीच लागते, त्यामुळे नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. आणि मोबाईलवर बघितलंत तरी एक लक्षात ठेवा, मासा गरीला लागतो पाणी हलत असताना. भरती पूर्ण झाली आणि पाणी थांबलं की तो वेळ चहा प्यायचा.

तांडेल कसा निवडायचा हा खरा मुद्दा. जेटीवर बोटवाले भरपूर, पण स्नॉर्कलिंगला नेणारा आणि गरवायला नेणारा यात फरक आहे. ज्याला खडपं माहितीयेत तो माणूस पाहिजे, म्हणजे पाण्याखालची खडकाळ जागा जिथे गोब्रा आणि तांबोशी बसलेले असतात. तो जीपीएस वापरत असेल नसेल, बरेच जुने लोक किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून नेमक्या जागेवर बोट आणतात. फोनवर त्याला सरळ विचारा, काका सध्या काय लागतंय आणि कशावर लागतंय. ज्याला माहिती आहे तो पटकन सांगतो, सुंगटावर (कोळंबीवर) अमुक लागतंय, सुरमई अजून वर आलेली नाय वगैरे. जो म्हणतो "सगळं मिळेल, पापलेट पण" त्याला सोडा, पापलेट जाळ्याचा मासा आहे, गरीला त्याची वाट बघत बसू नये.

मग पैशाचं बोलणं. भाव बोटीचा की माणशी, किती तासांचा, आणि तास जेटीवरून निघाल्यापासून मोजायचे की जागेवर पोचल्यापासून. इंधन त्यात आहे का. आमिष आणि बर्फ कोण आणणार. वारा सुटला आणि अर्ध्यातून परत यावं लागलं तर काय, आधीच रद्द झालं तर ॲडव्हान्सचं काय. आणि मासे कोणाचे, हा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि मग धक्क्यावर तोंडं वाकडी होतात. काही ठिकाणी सगळे तुमचे असतात, काही ठिकाणी ठराविक वाटा बोटीचा असतो, दोन्ही ठीक, फक्त आधी बोलून घ्या. मी स्वतः घासाघीस फार करत नाही, कारण भावात पाडलेला तांडेल जवळच्याच खडपावर नांगर टाकून बसतो आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे.

बोटीबद्दल बघायच्या गोष्टी म्हणजे नोंदणी क्रमांक बाजूला रंगवलेला आहे का, माणसं नेण्याचा परवाना आहे का, प्रत्येकाच्या मापाचं लाईफ जॅकेट आहे का (लहान मुलांचं वेगळं लागतं, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं), आणि डोक्यावर थोडी सावली. फायबरच्या छोट्या बोटीत गरवणारे तीन-चार जणच बरे, सहा बसले की मागे फेकलेली गरी कोणाच्या तरी कानात. टॉयलेट नसतं, हे बरोबर येणाऱ्या सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगा. ओळखपत्र जवळ ठेवा, २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी असते. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे दोन नंबर मोबाईलमध्ये असू द्या, आणि किती वाजता परत येणार ते किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघा.

मालवणपुरतं एक खास. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, एकूण २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला ३ चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग गाभ्याचा. तिथे गरी टाकायची नाही, प्रवाळ आहे आणि नांगर पण पडता कामा नये. हद्द तांडेलाला माहिती असते. "कोण बघतंय" म्हणणारा तांडेल बाकीच्या बाबतीत पण तसाच असणार हे समजून जा.

आता सामान, जे तुम्हाला सगळ्यात आधी ऐकायचं होतं. सहा-सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, चार हजार ते सहा हजार साईजचं रील, तीस-चाळीस पौंडी ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, पुढे गरीपाशी फ्लुरोकार्बनचा लीडर म्हणजे दोरीचा शेवटचा तुकडा. सुरमईच्या मागे जाणार असाल तर शेवटचा वीतभर तुकडा स्टीलच्या वायरचा पाहिजे, तिचे दात लीडर कात्रीसारखा कापतात. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा रील किती जोराला दोरी सोडतं ते) लाईनच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवा, पण खडपावर गोब्र्यासाठी बसलात की जरा घट्ट, कारण तो आमिष घेतो आणि थेट बिळात, एकदा आत शिरला की तुमची लाईन खडकाला घासून गेली. लागला म्हणून रॉड हवेत उंच उडवत बसू नका, पहिले काही सेकंद नुसतं खेचायचं, फोटो नंतर.

आमिष ताजं. सुंगटं, तारली, म्हाकुल (स्क्विड), बांगड्याचे तुकडे. पहाटे जेटीवर आलेल्या बोटीकडून घेतलं तर उत्तम, फ्रीजरमधलं मऊ पडलेलं सुंगट गरीवरून पहिल्याच टोचणीत सुटतं. म्हाकुल चिवट असतं म्हणून छोटे मासे खूप कुरतडत असतील तेव्हा तेच लावा. तळाला गरवताना शिसं तळाला टेकलं की दोन-तीन वळसे वर घ्यायचं, नाहीतर दर वेळी खडपात गरी ठेवून याल. सुरमईसाठी बोट हळू चालवत मागे ल्यूर (खोटं आमिष) ओढायचा, त्यावेळी सगळ्यांनी एकाच वेळी चार रॉड सोडू नयेत, दोन पुरे. पाण्यात बुयं (तरंगते गोळे) किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं दिसले तर खाली कोणाचं तरी जाळं आहे, त्यावरून ल्यूर ओढायचा नाही, ते जाळं त्या माणसाची महिन्याची कमाई असते आणि रॉडवाल्यांचं नाव आधीच फार चांगलं नाहीये.

उलटीचं. आदल्या रात्री दारू आणि सकाळी तिखट मिसळ हे कॉम्बिनेशन बोटीत चालत नाही. ॲव्होमिन घेणार असाल तर निघायच्या तासभर आधी, बोटीत मळमळायला लागल्यावर उपयोग नाही, आणि झोप येते हे धरून चाला. दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारून. नांगरावर उभी बोट जास्त त्रास देते, तेव्हा मोबाईलमध्ये बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा, आणि उलटी करायचीच असेल तर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून नाही. हसू नका, होतं असं.

मासा बोटीत आल्यावर घाई करायची नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात, हातानं पकडू नका, पक्कड वापरा. पाकटाच्या शेपटीपासून लांब. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा, वेदना कमी होते, आणि मग डॉक्टर. म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी असलेलं बरं, चहाला पण लागतं. केंड म्हणजे तो फुगणारा मासा, तो आला तर सोडून द्या, त्याचं विष शिजवून जात नाही. कासव चुकून अडकलं तर तांडेलाला सांगा, दोरी शक्य तितकी जवळ कापून सोडायचं, कायद्यानं संरक्षित प्राणी आहे. छोटे मासे पण परत टाका, २०२३ मध्ये राज्य सरकारनं बऱ्याच माशांचे किमान आकार ठरवून दिलेत, आणि नियम नसता तरी हाताएवढी सुरमई घरी नेऊन करणार काय. सोडायचा मासा ओल्या हातानं धरायचा, कोरड्या फडक्यानं नाही.

ठेवायचा मासा मात्र लगेच बर्फात. सुरमई, बांगडा, कुपा हे मासे उन्हात पडले की त्यात असा पदार्थ तयार होतो जो नंतर कितीही तळला तरी जात नाही, अंगावर पुरळ, तोंड लाल, आणि मग घरचे म्हणतात मासाच खराब होता. मासा काढला की गळ्यापाशी कापून रक्त जाऊ द्या, पोट साफ करून कुटलेल्या बर्फात, आणि वितळलेलं पाणी काढत राहा. बोटीवर आईसबॉक्स आहे म्हणजे बर्फ आहे असं नसतं, रात्रीच विचारून ठेवा.

आणि सकाळी जेटीवर पोचल्यावर तांडेल म्हणाला "आज नको, वारो आसा", तर तुमच्या मोबाईलवर ऊन दिसतंय आणि समोर पाणी पण शांत दिसतंय म्हणून वाद घालू नका. त्याला खडपावर फुटणारी लाट दिसत असते. आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा बघून ठेवलात तर हे बोलणं रात्रीच होऊन जातं, पहाटे तीनला उठावं लागत नाही. शक्य असेल तर मालवणात दोन सकाळी हाताशी ठेवून या, पहिली बुडाली तर दुसरी असते.

मुंबईला मासे न्यायचे असतील तर थर्माकोलचा बॉक्स बाजारात मिळतो, खाली बर्फ, मध्ये प्लास्टिकमध्ये मासे, वर बर्फ, चिकटपट्टी भरपूर. कुडाळहून ट्रेननं जाणार असाल तर बॉक्स सीटखाली ठेवण्याआधी खाली जाड प्लास्टिक अंथरा, पाणी गळायला लागलं की समोरच्या काकू रत्नागिरीपर्यंत बोलतात.