टाळू शिवून घरी आणल्यावर

माझ्या लेकीच्या जन्मतः दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन ती ११ महिन्यांची असताना बेळगावात झालं. तेल घालून भरतो ती डोक्यावरची टाळू नव्हे, तोंडातली. खानापुरात घरी सांगितलं तेव्हा सासूबाई तेलाची वाटी घेऊनच आल्या होत्या, म्हणून आधी हे सांगते.

आत काय चाललंय ते कळलं की पथ्य जड जात नाही. मागच्या मऊ टाळूत एक स्नायू डावीकडून उजवीकडे झोळीसारखा असतो. बोलताना तो वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. टाळू दुभंगलेली असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना भेटतच नाहीत, पुढच्या हाडाला चिकटतात. सर्जन त्या सोडवून, आडव्या फिरवून मध्ये जोडतात. पुढचं काम स्नायूतल्या मूळपेशींचं, म्हणजे स्टेम सेल्सचं. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना त्या बेडकाच्या स्नायूत दिसल्या, तंतूच्या कडेला पातळ आवरणाखाली निजलेल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, नवे तंतू घडवतात. पण टाळूच्या स्नायूंत त्या हातापायांपेक्षा कमी असतात. जिथं स्नायू भरत नाही तिथं व्रण भरतो, आणि ताठ व्रण काही उचलला जात नाही. टाके उकलले तर व्रण आणखी वाढतो.

म्हणून पहिले तीन आठवडे टाळूला काही लागू द्यायचं नाही. चमचा तोंडात घालू नका, स्ट्रॉ नको, बोंडलंही नको, त्याची चोच नेमकी टाळूला लागते. पसरट वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि बाळाला बसवून घोट-घोट पाजायचं. नाचणीची आंबील, वरणाचं पाणी, पेज, सगळं फडक्यातून गाळून, कोमट. नंतर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-तीन घोट, टाक्यांत काही अडकू नये म्हणून. आमच्याकडे पंधराव्या दिवशी शेजारच्या आजींनी मायेनं दोन चुरमुरे भरवले. एक टाळूला चिकटला, लेक रात्रभर रडली. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगायचे, कुंदा आणलात तर माझ्या हातात द्या.

कोपराला बांधायला पट्ट्या देतात, बाळानं बोटं तोंडात घालू नयेत म्हणून. खाली मऊ सुती बाही घाला. दिवसातून काही वेळा एकेक हात सोडून हलवा, कातडी लाल झालीय का बघा. दोन्ही हात एकदम सोडू नका.

पहिले एक-दोन दिवस लाळ गुलाबी येते. पण ताजं लाल रक्त, ताप, श्वासाला त्रास, किंवा दूध बंद आणि लंगोट कोरडा, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच बेळगाव गाठा.

कानही तपासून घ्या. कानाची आतली नळी टाळूचेच स्नायू उघडतात, ते कमजोर असले की पडद्यामागे पाणी साचतं. ऐकू कमी आलं तर बोलणार कसं?

मूळपेशींचं इंजेक्शन देऊन टाळू मऊ करतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ते अजून संशोधनातच आहे. फुगे आणि शिट्ट्या फुंकूनही बोलणं सुधारत नाही, ते बोलूनच सुधारतं. सर्जननी होकार दिल्यावर वाचा-उपचार सुरू करा आणि घरात जी भाषा बोलता तिच्यातच करा. आम्हाला शिकवणाऱ्या बाई कानडी, पण त्यांनी शब्द मराठीच निवडले : पापा, बाबा, काका.

घरी एक आरसा ठेवा. तो गार असताना नाकाखाली धरा आणि ‘पापा’ म्हणायला लावा. धुरकटला तर वारा नाकातून जातोय. ‘मामा’ म्हणताना धुरकटणारच, ‘म’ नाकातलाच.

लेक आता साडेतीन वर्षांची आहे. ‘पापड’ म्हणताना आरसा स्वच्छ राहतो. ‘साखर’ म्हणताना अजून खालच्या कडेला वाफ धरते, त्यासाठी दर पंधरवड्याला बेळगावची बस धरतो.