दुष्काळी गावात गल्ली तुंबते तेव्हा: पूर आवरायचा, पाणी मुरवायचं आणि ते घाण होऊ द्यायचं नाही

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि मांजरा धरण भरलं. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीने माढा, मोहोळ या टँकरच्या यादीत येणाऱ्या तालुक्यांत घरं पाण्यात घातली. माण, आटपाडी, सांगोला, आष्टी, करमाळा या पट्ट्यात वर्षाचा पाऊस मुळात कमी. त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत, तोही तास-दोन तासांत कोसळतो. आठ महिने कोरडी असलेली ओघळ कुणी बुजवते, कुणी तिच्यावर पत्र्याचं शेड टाकतं. मग हस्ताचा पाऊस आला की पाणी आपली जुनी वाट शोधत उंबऱ्यापर्यंत येतं.

नदीचा पूर आवरणं आपल्या हातात नाही. गल्लीतला पूर मात्र बराचसा आपल्या हातात आहे. खाली जे सांगतो ते आठ-दहा घरांच्या गल्लीला किंवा छोट्या सोसायटीला झेपेल असं आहे.

आधी पाऊस बघा, मग फावडं उचला

पहिला जोराचा वळीव येईल तेव्हा छत्री घेऊन बाहेर पडा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठल्या कोपऱ्यावर वळतं ते मोबाईलवर टिपा. पाणी ओसरल्यावर भिंतींवर राहिलेल्या चिखलाच्या रेषेला खडूने खूण करा. उतार कळत नसेल तर गवंड्याची लेव्हल ट्यूब आणा. पाणी भरलेली ती पारदर्शक नळी दोन टोकांना धरली की कुठली बाजू किती खाली आहे ते बोटभर फरकासकट दिसतं. जुन्या माणसांना विचारा, इथे पूर्वी ओढा होता का? सातबारा आणि गावनकाशातही ओढे-नाले सापडतात.

हिशोब मांडा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढंच लक्षात ठेवा.

समजा 6 मीटर रुंद आणि 60 मीटर लांब सिमेंटची गल्ली आहे. तासाभरात 40 मिलिमीटर पाऊस पडला. सुकण्या-मुरण्यात दहावा हिस्सा गेला असं धरलं तरी रस्त्यावरून सुमारे 13,000 लिटर वाहतं. त्याच गल्लीत 80 चौरस मीटर छपराची दहा घरं असतील तर छपरांवरून 27,000 लिटरच्या वर पाणी येतं. म्हणजे गल्लीतल्या पुराचे दोन तृतीयांश छपरांवरून उतरतात! लोक मात्र नगरपालिकेच्या गटारावर चिडलेले असतात. गटार तुंबलेलं असतंच, त्यात वाद नाही. पण प्रत्येक घराची पन्हाळ रस्त्यावर सोडलेली असेल तर नवं गटारही पुरणार नाही.

म्हणून या लेखातलं मुख्य सूत्र एकच आहे: छपराचं पाणी आणि रस्त्याचं पाणी पहिल्यापासून वेगळं ठेवायचं. छपराचं पाणी स्वच्छ करून साठवता येतं, बोअरकडे नेता येतं. रस्त्याच्या पाण्यात गॅरेजचं ऑइल, टायरची झीज, शेण, प्लॅस्टिक, उंदरा-घुशींची घाण असते. ते झाडांना द्यावं, मातीतून गाळावं. पण बोअरमध्ये कधीही सोडू नये.

छप्पर

पन्हाळीचा पाईप खाली येतो तिथे एक टी जोड लावा. टीच्या खालच्या तोंडाशी 200 लिटरचं झाकणाचं पिंप ठेवा. छप्पर 100 चौरस मीटरचं असेल तर पहिल्या 2 मिलिमीटर पावसाचं पाणी या पिंपात जाईल, धूळ आणि पक्ष्यांच्या विष्ठेसकट. पिंप भरलं की पाणी आपोआप टीच्या आडव्या तोंडातून पुढे गाळणीकडे वळतं. यासाठी पिंपाचं तोंड हवाबंद हवं, नाहीतर पाणी तिथूनच ओसंडेल. पिंपाच्या तळाशी पेन्सिलीएवढं भोक ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर ते हळूहळू रिकामं होऊन पुढच्या सरीला तयार राहील. बाजारात चार इंची उभ्या पाईपचा तुकडा ‘फर्स्ट फ्लश’ म्हणून विकतात. त्यात मीटरमागे जेमतेम साडेआठ लिटर मावतं, म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपराला त्याचा उपयोग नावापुरताच.

हंगामातला पहिला वळीव तर पूर्ण सोडून द्या.

पुढे गाळणी: तळाला मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. पाणी वरून आत येतं. वाळूचा वरचा दोन इंचाचा थर दरवर्षी काढून धुवायचा असतो, म्हणून खडी आणि वाळूच्या मध्ये नायलॉनची जाळी घाला. नाहीतर सगळं एकमेकांत मिसळतं आणि पुढच्या वर्षी गाळणी उपसायला कुणी तयार होत नाही. गाळलेलं पाणी आधी हौदात जाऊ द्या. हौद भरल्यावर उरलेलं बोअरच्या पुनर्भरणाला द्या. बोअरपासून संडासाची टाकी 15 मीटरच्या आत असेल तर पुनर्भरणाचा विचार सोडा. छपरावर डांबराचा लेप किंवा कीटकनाशकाची फवारणी झाली असेल तरीही नको.

जमीन पाणी पिते का?

रस्त्याच्या पाण्यासाठी कडेने खोलगट वाफे करायचे आहेत, पण त्याआधी जमिनीची परीक्षा घ्या. फूटभर खोल खड्डा खणा. संध्याकाळी पाण्याने भरून रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा भरा, त्यात खुणा केलेली काठी रोवा आणि तासाभराने बघा. पाणी अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर जमीन उत्तम. एक सेंटिमीटरही उतरलं नाही तर तिथे मुरवण्याचा हट्ट नको.

काळ्या मातीत भेगा बघून लोक फसतात. सुक्या भेगांतून पाणी गडप होतं, पण माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी वर उभं राहतं. म्हणूनच आदल्या रात्री भिजवणं टाळू नका. काळी माती चार-पाच फुटांची असेल तर खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या कवासमध्ये 2006 च्या ऑगस्टमध्ये वाळवंटात पूर आला. जमिनीखाली जिप्समचा थर होता, म्हणून पाणी मुरलंच नाही आणि गाव बराच काळ पाण्याखाली राहिलं. वर वाळू दिसते म्हणून खालचं गृहीत धरू नये.

कडेचे वाफे

वाफा 3 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल, आणि तळ रस्त्यापेक्षा खाली. आपल्याकडे नेमकं उलटं करतात: मातीचा ढीग घालून त्याला विटांचा कठडा बांधतात, झाड ढिगावर आणि पाणी रस्त्यावर. असे सहा वाफे सुमारे 6,500 लिटर पाणी धरतात, म्हणजे वरच्या हिशोबातल्या रस्त्याच्या पाण्याचा निम्मा भाग. उरलेला निम्मा वाहणारच, त्याचं पुढे बघू.

रस्त्याच्या कडेच्या दगडात दीड फुटाची फट ठेवा, पाणी तिथून वाफ्यात शिरेल. फटीच्या आत लगेच एक चौकोनी कुंडी, साधारण दीड फूट बाय दीड फूट, तळाला सपाट फरशी. गाळ, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या तिथेच अडकतात आणि फावड्याने काढता येतात. ही कुंडी नसेल तर पहिल्या वर्षीच वाफा गाळाने भरतो. वाफे घराच्या पायापासून निदान 3 मीटर लांब ठेवा. काळ्या मातीत तर याला तडजोड नाही, कारण माती फुगते-आकसते आणि भिंतीला तडे जातात.

वाफ्यात वाळा, हराळी, करंज, कडुनिंब लावा. भाजी लावू नका. रस्त्यावरचं ऑइल आणि शिसं मेथीत उतरवण्यात शहाणपण नाही.

कडेचा दगड फोडण्याआधी नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या आणि खाली पाण्याची लाइन किंवा केबल आहे का ते विचारा. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉन शहरात वर्षाला 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे 2004 मध्ये एका वस्तीत अशी फट परवानगीविना पाडली गेली. 2007 मध्ये शहराने ती पद्धत कायदेशीर केली. आपल्याकडे मात्र उलट क्रमाने चला, शेजारी तक्रार करतात.

सांडवा हवाच

हे सगळं 40 मिलिमीटरच्या पावसासाठी झालं. 150 मिलिमीटर पडला तर वाफे आणि हौद बघता बघता भरतील. म्हणून प्रत्येक वाफ्याला, खड्ड्याला, हौदाला सांडवा ठेवा. त्याची पातळी सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्याहून निदान अर्धा फूट खाली हवी आणि तिथून पाणी थेट ओढ्याकडे गेलं पाहिजे. ओढ्यात शेड, भिंत किंवा राडारोडा असेल तर बाकीचं सगळं काम निम्म्या किमतीचं. ते हटवण्याचा अर्ज गल्लीने मिळून, फोटोंसह, एप्रिलमध्येच द्या. जूनमध्ये दिलेला अर्ज पाण्याबरोबर वाहून जातो.

मृगाआधीची सफाई

पहिली सर आठ महिन्यांची घाण एकदम खाली आणते. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गल्ली झाडा, धुऊ नका. सांडलेल्या ऑइलवर भुसा किंवा कोरडी माती टाका, दिवसभर राहू द्या आणि झाडून वेगळ्या पोत्यात भरा. गॅरेजवाल्याशी गोडीने बोलून ऑइल बदलण्यासाठी तळाला पत्र्याचा ट्रे ठेवायला लावा. बांधकामाची वाळू ताडपत्रीने झाका. शेणाचा उकिरडा उताराच्या वरच्या बाजूला असेल तर खाली हलवा.

पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर कुंड्या रिकाम्या करायच्या. दोन घरांनी आठवडा वाटून घेतला की भांडणं कमी होतात. वाफ्यात पाणी दोन दिवसांहून जास्त साचलं तर डासांची पैदास सुरू होण्याआधी तळ खुरपा, वरचा चिकट थर काढा. तरीही उभं राहिलं तर त्या वाफ्याचा सांडवा खाली घ्या आणि पुढचा वाफा दुसऱ्या जागी करा. कुंडीतला गाळ शेतात किंवा परसात टाकू नका, त्यात ऑइल असतं. पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत द्या.