"काही विचारायचंय?" म्हणाले की

फाइल, मूळ प्रमाणपत्रं, झेरॉक्स, फोटो, पेन हे तुम्ही घेणारच, त्यावर बोलत नाही. ही तयारी मुलाखतीच्या शेवटच्या पाच मिनिटांची आहे. समोरचे साहेब तुमची फाइल मिटतात आणि विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" चाकणच्या एका कारखान्यातल्या मुलाखतीत मी "नाही सर" म्हणून उठले, आणि पुढची दीड वर्षं ते निस्तरत बसले.

प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहा. मोबाइलमध्ये नकोत, कारण बऱ्याच कारखान्यांत फोन गेटवरच जमा करून घेतात. वही उघडून विचारण्यात काही कमीपणा नाही.

पहिल्या ओळीवर हे लिहा: नेमणूकपत्र कोणत्या कंपनीच्या नावाने मिळणार? बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. गेटवर मोठी पाटी, मुलाखत त्याच इमारतीत, गणवेशावरही तेच नाव, म्हणून नोकरी त्यांचीच असं मी धरून चालले. हातात आलेल्या कागदावर घाईत सही केली. दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडलं, तर त्यात भलत्याच मनुष्यबळ पुरवठादाराचं नाव. अनुभवाचा दाखलाही पुढे त्याच नावाचा मिळाला. पुढच्या मुलाखतीत बायोडेटावर एक कंपनी आणि कागदावर दुसरी, हे समजावताना मला रडू आलं होतं. "ऑन रोल आहे ना?", म्हणजे नोकरी पटावरची आहे ना, असं विचारू नका. त्याला "हो" हेच उत्तर येतं, कारण माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराचाही रोल, म्हणजे पट, असतोच. नाव विचारा. "सहा महिन्यांनी कायम करू" म्हणाले, तर गेल्या वर्षी अशा किती जणांना कंपनीने स्वतःच्या रोलवर घेतलं तेही विचारा. आकडा सांगता आला नाही, तर तो शब्द धरून घरी हिशेब मांडू नका.

कामाचे प्रश्न एचआरला नाही, विभागप्रमुखांना विचारायचे. जागा नवी आहे की कोणी सोडून गेलं? क्वालिटीला जात असाल तर एक प्रश्न फार उपयोगी पडतो: ग्राहकाची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा आठ टप्प्यांचा अहवाल, कोण लिहितं? तो तुम्ही लिहायचा असेल, तर दोषाचं मूळ शोधायला शिकाल. तो वरचे लिहिणार आणि तुम्ही लाइनवर गेज (माप तपासायचं साधन) लावून पार्ट ओके की रिजेक्ट एवढंच पाहणार असाल, तर पद इंजिनिअरचं आणि काम इन्स्पेक्टरचं. मग तीन वर्षांनी सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

पगाराचं एचआरलाच विचारा, आणि सीटीसीवर, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च दाखवणाऱ्या आकड्यावर, थांबू नका. त्या आकड्यात बहुतेक वेळा मालकाच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ असतो, ग्रॅच्युइटीही (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) धरलेली असते, आणि कायम कामगाराला ती साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावरच मिळते. "कपात जाऊन महिन्याला खात्यात किती?" एवढं विचारा आणि आकडा वहीत उतरवा. हा पगार कोणाच्या खात्यातून येणार, तेही लगेच विचारा. हो, पुन्हा तेच. पहिल्या प्रश्नाला उत्तर मोघम आलं असेल, तर इथे खरं बाहेर येतं.

शिफ्ट किती, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते? मुलींनी तर हे विचाराच. "बस आहे" म्हणजे हायवेच्या कडेला उतरवणारी की घराजवळ, ते समजायला हवं. साप्ताहिक सुट्टी बऱ्याच ठिकाणी गुरुवारी असते, रविवार धरू नका.

बॉण्ड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार, आहे का, किती वर्षांचा? नोटीस किती दिवसांची? मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली तर देऊ नका, दाखवून परत घ्या.

निघताना निकाल कधी कळेल आणि कोणाला फोन करायचा, तेवढं विचारा. ऑफर मेलवर मागा.

पत्र आलं की पगाराचा आकडा नंतर बघा. आधी वरचं नाव वाचा. शिक्का वाचा, सहीखालचं नाव वाचा. गेटवरच्या पाटीवरचं नाव त्यात नसेल, तर सही करण्याआधी फोन करा.